तीनचा पत्ता

"दार लागलं का ग?"

कुमुदकाकूंनी विचारलं तेव्हा ताकाचा पेला अजून त्यांच्याच हातात होता. मी मागे वळून पाहिलं. जाडजूड सरकतं दार रुळावरून येऊन चौकटीला टेकलं होतं आणि त्याची रबरी कड दबल्याचा बारीक आवाज येत होता. क्षणभर आधी लाइट झपकली होती. मला वाटलं होतं, तेवढंच.

"आपोआप लागलं असेल," मी म्हणाले. "लोकेशला सांगते, उघडेल."

आम्ही होतो ती केळी पिकवायची खोली. रावेरच्या अलीकडे हमरस्त्याला लागून भंगाळ्यांचं पॅकहाउस होतं आणि त्यात अशा सहा खोल्या. पाच चालू होत्या. सहावी मागच्या बाजूला, नवी बांधलेली, अजून रिकामीच. आमची तीन नंबरची छतापर्यंत क्रेटनी भरली होती. क्रेटमध्ये हिरवी कच्ची केळी आणि मधोमध एक माणूस जाईल एवढी वाट. बाहेर खानदेशातला मे महिना आणि आत शाल घ्यावी असा गारवा. त्या वाटेत मी फरशीवर बसले होते. लॅपटॉप मांडीवर, त्याची नेटवर्कची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये.

कुमुदकाकू म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. लोकेश त्यांचा एकुलता एक मुलगा. आमचा साखरपुडा झाला होता. जळगावच्या ज्या कंपनीत मी नेटवर्कची कामं करायचे, तिच्याकडेच या पॅकहाउसचं काम आलं आणि आमच्या साहेबांनी ते हसत हसत माझ्याकडे दिलं. "घरचंच आहे, तुम्हीच बघा."

मी लॅपटॉपवरून लोकेशला कॉल लावला. पत्र्याच्या त्या जाड भिंतींतून मोबाइलला रेंज यायची नाही, पण वायरीवरून आवाज जायचा.

"लोकेश, तीनचं दार लागलंय. मी आत आहे. काकूपण आहेत."

"आई? आई तिथे काय करतेय?"

"ताक घेऊन आले रे," काकू मोठ्याने म्हणाल्या. मग नवऱ्याची आठवण होऊन मला हळूच, "आप्पांना सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय आले म्हणून आता बोलतील."

"थांबा, उघडतो," लोकेश म्हणाला. माउसचा आवाज आला. "झालं. उघडलं."

दार हललं नाही.

"नाही उघडलं," मी म्हणाले.

"अगं, स्क्रीनवर दिसतंय. तीन, दार उघडं. गॅस शून्य. सगळं हिरवं आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून डोक्यावर काहीतरी फुसफुसतंय. वर पाहिलं. छताजवळच्या पांढऱ्या पेटीशेजारी गॅसची नळी आत येत होती. आवाज तिथून होता.

"लोकेश, बाहेर सिलिंडर आहे ना गॅसचा? आधी तो हाताने बंद करायला सांग. आत्ताच्या आत्ता. धावत."

"पण तीनमध्ये गॅस शून्य..."

"ते राहू दे. बंद कर."

त्याने वॉचमनला हाक मारली. थोड्या वेळाने फुसफुस थांबली. तोवर किती गॅस आत आला होता, हे सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. हवेला गोडसर वास येत होता, पिकल्या फळापेक्षा थोडा वेगळा. सिलिंडरवरची लाल पाटी मी सकाळीच वाचली होती. इथिलीन. आग लागू शकते.

काय झालं असावं ते मला कळलं होतं.

प्रत्येक खोलीला एक पांढरी पेटी होती. गॅस सोडणं, पंखा लावून हवा बाहेर टाकणं, दार उघडणं-लावणं, सगळं तीच करायची. या सगळ्या पेट्या ऑफिसशी वायरने जोडलेल्या. पेटी चालू झाली की ऑफिसातला राउटर तिला एक नंबर द्यायचा. तो तिचा पत्ता. कोणत्या नंबरला 'तीन' म्हणायचं आणि कोणत्याला 'पाच', हे मात्र वेगळ्या मशीनला माहीत. लोकेशने स्क्रीनवर 'तीन' दाबलं की ते मशीन तीनचा नंबर सांगायचं आणि हुकूम त्या नंबरला जायचा. आमच्या भाषेत पत्ता देणाऱ्याला डीएचसीपी म्हणतात आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्याला डीएनएस. इथे हे दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते. लाइट गेली की राउटर सगळं विसरायचा, जी पेटी आधी जागी होईल तिला पहिला नंबर द्यायचा. नावं मात्र जुन्याच नंबरांना चिकटलेली. या दोघांची ओळख करून द्यायची, एवढंच माझं त्या दिवशीचं काम होतं. ऑफिसातल्या बॅटरीवर चालणाऱ्या एका मशीनवर मी दोन्ही बसवून ठेवले होते, पण जोडायचे राहिले होते. तेवढ्यात लाइट झपकली. आमची पेटी बंद होऊन चालू झाली आणि अर्धवट राहिलेलं काम तिने पुढे नेलं: दार लाव, गॅस सोड.

"तू इथे बसून उघडू शकत नाहीस का?" काकूंनी विचारलं.

"त्या स्क्रीनवरूनच उघडता येतं. आणि ती स्क्रीन ज्याला तीन म्हणतेय ती ही खोली नाही."

"मग कुठली?"

मी लॅपटॉपवर नंबर पाहिले. तीनचा जुना नंबर आता एका नव्याकोऱ्या पेटीकडे गेला होता. नवी पेटी एकच होती. "सहावी असावी. मागची, रिकामी."

काकूंनी पेला खाली ठेवला आणि दाराशी गेल्या. दाराला आतून मूठ असते, कोणी अडकलं तर ढकलून उघडायला. तिथे एक गोल पत्रा स्क्रूने बसवलेला होता.

"इथे मूठ होती," मी म्हणाले. "असायला पाहिजे."

"होती. मजूर मधेच उघडतात, गॅस वाया जातो, म्हणून काढली." त्यांनी त्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "लोकेशनेच काढली."

सकाळी सगळं दाखवताना तो मला म्हणाला होता, सेफ्टीचं सगळं व्यवस्थित आहे.

---

बाहेर वारा सुटला होता. तो आम्हाला ऐकू येत नव्हता, पण लाइट पुन्हा पुन्हा लुकलुकत होती आणि कॉलवर लोकेशच्या मागे पत्रे वाजत होते. मे महिन्यात तिकडे अशी वादळं येतात, उभ्या बागा आडव्या करून जातात. मग आप्पांचा आवाज आला. लोकेशचे वडील, डिगंबर भंगाळे. आवाज नेहमीसारखा चढा होता, पण त्यात काहीतरी हललेलं होतं.

"कुमुद? बरी आहे ना तू?"

"बरी आहे," काकू म्हणाल्या. त्या बऱ्या नव्हत्या. त्यांना दम्याचा त्रास होता आणि श्वास वरवरचा व्हायला लागला होता. कच्ची केळीसुद्धा श्वास घेतात. बंद खोलीत एवढ्या मालाबरोबर बसलं की हवा हळूहळू जड होत जाते. माझंही डोकं ठणकायला लागलं होतं.

"घाबरू नको. बाहेरून जोर लावून पाहिला, दार सरकत नाही. वेल्डरला बोलावलंय. गॅस कटर लावून दार कापून काढतो. दार गेलं तर गेलं."

मी ताडकन उठले. "आप्पा, कटर नको! आत इथिलीन आहे. ठिणगी पडली तर पेटेल."

"पोरी, गॅस शून्य आहे. माझ्यासमोर स्क्रीन आहे."

"तो शून्य या खोलीचा नाही. सहा नंबरचा आहे. नावं बदलली गेलीत आप्पा. तुमची स्क्रीन सहाला तीन समजतेय."

"असं कसं होईल? एवढी मोठी कंपनी, त्यांनी बसवलेलं."

"होतं. लोकेश, ऐक. तू मघाशी 'तीन उघड' दाबलंस ना? मग मागे जाऊन सहाचं दार बघ. ते उघडं असेल. उघडं असेल तर माझं बरोबर आहे. आप्पा, तो बघून येईपर्यंत तरी कटर लावू नका."

"जा रे, बघून ये," आप्पा म्हणाले.

आम्ही थांबलो. काकू क्रेटला पाठ टेकून बसल्या होत्या. मी त्यांची पाठ चोळत होते. हात चालत होते, पण सगळं लक्ष लॅपटॉपकडे होतं. पत्रे वाजत होते. कुणीतरी कटरच्या सिलिंडरची ट्रॉली फरशीवरून ओढत आणत होतं. माझ्या मनात मी लोकेशबरोबर चालत होते: ऑफिसमधून बाहेर, कडेच्या शेडखालून, मागे.

"बघितलं," लोकेशचा आवाज आला. "बंद आहे."

"काय?"

"सहाचं दार बंद आहे यामिनी. काही उघडं-बिघडं नाही."

मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. दार लागलं तेव्हा नाही, गॅस ऐकला तेव्हाही नाही. सहा बंद असेल तर माझं सगळं गणित चुकलेलं. मग स्क्रीनवरची तीन खरंच हीच खोली असेल, आत आलेला गॅस नगण्य असेल, कटर चालेल, आणि मी उगाच एका धापा टाकणाऱ्या बाईला आत अडवून ठेवलेलं असेल.

"ऐकलंस ना?" आप्पा म्हणाले. "आता गप बस. माणूस आलाय, तो बघेल."

"यामिनी, प्लीज," लोकेश म्हणाला. "तू आता कशाला हात लावू नकोस. कंपनीच्या माणसाला पुण्याला फोन लावलाय मी. बस तू."

मी बसले. पुन्हा नंबर पाहिले, तिसऱ्यांदा पाहिले. तेच दिसत होतं. जुना नंबर नव्या पेटीकडे. आणि एक नंबर असा, ज्याला काही नावच नाही. ही आमची पेटी असणार, नाहीतर काहीच नाही.

"तुला काय वाटतं?" काकूंनी विचारलं. बोलताना त्या मधे थांबत होत्या.

"मला वाटतं माझं बरोबर आहे. पण तो बघून आलाय."

"तू तुझं कर," त्या म्हणाल्या.

---

आधी सोपं ते केलं. त्या बिननावाच्या नंबरला हातानेच 'तीन' नाव लिहिलं. एंटर दाबला. थोडा वेळ काही झालं नाही, आणि मग डोक्यावर पंखा घरघरला. हवा बाहेर टाकायचा तो मोठा पंखा, गॅस वाढलेला दिसला की ऑफिसचं मशीन आपणहून लावतं तो. काकूंनी मान वर केली.

"लोकेश! स्क्रीन बघ! तीन बघ!"

तेवढ्यात लाइट पुन्हा झपकली. पंखा थांबला. पेट्या पुन्हा बंद झाल्या, पुन्हा चालू झाल्या, राउटरने पुन्हा नव्याने नंबर वाटले. मी लिहिलेलं नाव आता कुणा तिसऱ्याच पेटीला चिकटलं होतं. मी घाईघाईने ते पुसलं.

"काय बघू? आहे तसंच आहे," लोकेश म्हणाला. "शून्य. तू काही करतेयस का? यामिनी, सांगितलं ना हात लावू नकोस!"

पण पंखा फिरला होता. काकूंनी ऐकला होता, मी ऐकला होता. म्हणजे माझं बरोबर होतं. लोकेशने वाऱ्याधुळीत नीट पाहिलं नसेल, मी मनात म्हटलं, आणि पुढच्या कामाला लागले.

हाताने लिहून उपयोग नव्हता. वादळ असेपर्यंत दर झपक्याला पत्ते बदलणार. पत्ता देणाऱ्यानेच स्वतः नाव लिहिलं पाहिजे, म्हणजे पेटी जागी झाली, तिला नंबर मिळाला, की त्याच घडीला 'तीन' तिच्या मागे जाईल. पेटीला स्वतःचं नाव माहीत असतं, ती नंबर मागताना ते सांगते. आजवर ते कुणी ऐकून घेत नव्हतं, इतकंच. त्यासाठी राउटरचं नंबर वाटणं बंद करून माझ्या मशीनवरचं चालू करायचं होतं. आणि ते नाव लिहायला आला की दुसऱ्याने त्याला ओळखावं म्हणून दोघांना एकच गुप्त किल्ली द्यायची होती. किल्ली म्हणजे लांबलचक इंग्रजी अक्षरांची ओळ. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी दुसरा त्याला ओळखत नाही. माझे डोळे तरळायला लागले होते. तीच तीच अक्षरं दोनदा दिसत होती.

"काकू, इंग्रजी वाचाल?"

"वाचते की. बारावी सायन्स आहे मी."

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि वाचायला लागल्या. "के. मोठा. सात. एक्स, लहान. हे शून्य आहे की ओ?"

"ओ."

"ओ. मोठा." एक श्वास. "बी. लहान."

माझ्या ओळीत त्यांना एक अक्षर चुकलेलं सापडलं. मी दुरुस्त केलं. दारापलीकडे फट्‌ असा आवाज झाला. दाराला वीतभर गोल काच होती, आतून दमटपणाने धुरकटलेली. त्या काचेत निळा उजेड हलत होता. वेल्डरने कटर पेटवला होता.

"लोकेश, त्यांना थांबव!" मी ओरडले. कॉलवर कुणी नव्हतं. सगळे दाराशी गेले होते.

काकू उठल्या. क्रेट धरत धरत दारापर्यंत गेल्या, पदराने काच पुसली आणि आपला चेहरा काचेला लावला. दोन्ही तळहात चेहऱ्याच्या दोन बाजूंना. कटर लावायचा तर त्यांच्या डोळ्यांसमोर लावावा लागणार होता.

"काकू, मागे या!"

"तुझं किती राहिलंय?"

"थोडंच. पण हे चालू करताना माझा कॉल तुटेल, लॅपटॉपसुद्धा तुटेल. काही चुकलं असलं तर मग काहीच करता येणार नाही. आवाजही देता येणार नाही."

"चुकलंय का?"

"नाही."

"मग कर."

मी केलं. राउटरचं बंद, माझं चालू. लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल फुली आली. खोलीत फक्त काकूंचा श्वास ऐकू येत होता. मी फुलीकडे बघत होते आणि मनात सगळ्या ओळी पुन्हा तपासत होते. मग फुली गेली. लॅपटॉपला नवा नंबर मिळाला होता, आणि त्याबरोबर माझ्या लॅपटॉपचं नावही आपोआप लिहिलं गेलं होतं. दोघं बोलायला लागले होते.

पण आमची पेटी जुनाच नंबर धरून बसली होती. ती बंद होऊन चालू झाल्याशिवाय नवा मागणार नव्हती. सबंध दुपार नको असताना झपकणारी लाइट आता हवी होती, तर ती नीट जळत होती. मी वर बघत राहिले. पेटी छताशी, माझ्या हाताच्या कितीतरी वर. क्रेट कोसळतील म्हणून चढताही येईना.

"लाइट गेली पाहिजे," मी म्हणाले. "पूर्ण. बाहेरून मेन स्विच पाडून पुन्हा वर केला पाहिजे. कसं सांगू त्यांना?"

काकूंनी काचेवरून चेहरा न काढता मान हलवली. कुणाला तरी, नाही, नाही, नाही. काचेपलीकडे आप्पांचा चेहरा असणार. मग त्यांनी एक हात वर नेला, मूठ धरल्यासारखी केली आणि झटक्यात खाली आणली. मग पुन्हा वर. बोट वरच्या दिव्याकडे केलं. पुन्हा मूठ खाली, मूठ वर. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. श्वासाबरोबर खांदे उडत होते, पण हात थांबत नव्हता. खाली, वर. खाली, वर.

निळा उजेड विझला. कुणीतरी धावत गेलं.

आणि अंधार झाला. लॅपटॉपच्या उजेडापलीकडे काही दिसेना. "काकू?" मी म्हणाले. "इथेच आहे," त्या म्हणाल्या.

लाइट आली. वरच्या पेटीत टक्‌ झालं. हिरवा ठिपका लुकलुकला, स्थिर झाला. मी लॅपटॉपकडे पाहिलं. तीनच्या पुढे नवा नंबर आला होता, मी न लिहिता.

दाराबाहेर भोंगा वाजायला लागला. ऑफिसातला तो धोक्याचा भोंगा इतक्या जोरात होता की बंद दारातूनही आत आला. स्क्रीनने पहिल्यांदा खरी तीन पाहिली होती आणि ती लाल झाली होती. पंखा स्वतःहून सुरू झाला. या वेळी तो थांबला नाही. मी काकूंना पंख्याच्या झोताखाली आणून बसवलं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, ऑफिसातून 'तीन उघड' दाबल्यावर दार सरकेपर्यंत.

---

बाहेर कुणी ओरडलं नाही. वेल्डर कटर बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसला होता, त्याचा चेहरा पांढराफटक. आप्पा काकूंच्या समोर उकिडवे बसले आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिले. लोकेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ग्रेट आहेस तू," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हे मला आजही वाटतं.

वादळ ओसरलं होतं. मी मोकळ्या हवेत म्हणून चालत निघाले, आणि पाय आपोआप मागच्या बाजूला वळले.

सहा नंबरचं दार सताड उघडं होतं. आत दिवे लागलेले होते. वाऱ्याने केळीच्या पानांच्या चिंध्या, धूळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळं आत नेऊन टाकलं होतं. भिंतीपर्यंत कचरा साचला होता. ते दार आत्ता उघडलेलं नव्हतं. सबंध वादळ त्यातून आत गेलं होतं.

पाठीमागे पावलं वाजली. लोकेश होता.

"तू इथे आला होतास?" मी विचारलं.

"म्हणालो ना, बघितलं."

त्याने दाराकडे पाहिलं, आतल्या पानांकडे पाहिलं.

"अगं, पत्रे उडत होते," तो म्हणाला. "शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. आणि स्क्रीनवर सहापुढे 'संपर्क नाही' येत होतं. मला वाटलं, बंदच असणार."

"मग तसं सांगायचं होतंस. गेलो नाही म्हणून."

"आप्पा समोर होते. गेलो नाही म्हणून कसं सांगणार?"

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला, माझ्याकडून होकार येईल अशा आवाजात. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्याशेजारी उभं राहून मला पुन्हा हवा कमी पडायला लागली, एवढंच.

आम्ही वळलो. शेडच्या टोकाला कुमुदकाकू उभ्या होत्या, पदर तोंडाला धरून. त्यांनी ऐकलं होतं का ते मला कळलं नाही. दार मात्र त्यांना तिथून दिसत होतं.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? मुलगा चांगला, घर चांगलं, चूक मशीनची. पत्रिका छापायला गेल्या. बाबा हॉल बघून आले. मी हो हो म्हणत होते आणि रोज कामावर जात होते. आपण एवढ्या कारणावरून लग्न मोडू शकत नाही, हे मी स्वतःला पटवत आणलं होतं.

तेव्हा एका सकाळी कुमुदकाकू आमच्या जळगावच्या घरी आल्या. एकट्या. आई चहा टाकायला उठली, त्यांनी तिला आधी बसवलं.

"हे लग्न नको," त्या बाबांना म्हणाल्या. "मी सांगायला आलेय."

बाबा गडबडले. "आमच्याकडून काही..."

"तुमच्याकडून काही नाही. मुलीत काही खोट नाही. कुणी विचारलं तर भंगाळ्यांनी मोडलं म्हणून सांगा, कारण आमच्या घरातलं आहे म्हणा. मीही तेच सांगेन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू नाही म्हणाली नसतीस. मी ओळखते. मीसुद्धा म्हणाले नव्हते."

आईने बरंच काही विचारलं. काकूंनी फक्त चहा पूर्ण घेतला.

लोकेशचा त्यानंतर एकदाच फोन आला. आईच्या डोक्यात कुणी काय भरलं, म्हणून विचारत होता. मी म्हणाले, आईंना विचार. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. मुली आहेत, धंदा वाढलाय असं ऐकते. मी पुढे पुण्याला आले. इथल्या कामाचं, माणसांचं सांगायचं तर वेगळीच गोष्ट होईल.

त्या सकाळी काकूंना स्टँडवर सोडायला मीच गेले होते. गर्दी होती. त्यांनी मला लांबच थांबवलं. "उन्हात कशाला येतेस आत, जा आता." मग एकदम माझ्या गालावरून हात फिरवला आणि फलाटाकडे गेल्या. मी खांबाआड उभी राहून पाहत होते. त्यांनी कंडक्टरला काहीतरी विचारलं, पिशवी आधी आत ठेवली, मग स्वतः चढल्या. खिडकीशी जागा मिळाली.

गाडीच्या पाटीवर रावेर नव्हतं. नाशिक होतं.

चुकून बसल्या असतील म्हणून मी धावले. "काकू, ही नाही! ही रावेरची नाही!" गाडी सुटत होती. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. घाईत नव्हत्या, घाबरलेल्या नव्हत्या.

"माहितेय ग," त्या म्हणाल्या.